कॅप्टनचे कान

"गो अराउंड! काका, गो अराउंड! गो अराऽऽउंड!"

मॅडम रेडिओच्या माइकमध्ये इतक्या जोरात ओरडत होत्या की मधे रेडिओ नसता तरी चाललं असतं. फ्लाइंग क्लबच्या आवारातल्या कडुनिंबावरचे झाडून सगळे कावळे उडाले. ज्याने उडायला हवं होतं ते मात्र खालीच. दोन सीटचं ते पांढरं विमान धावपट्टीवर एकदा आपटलं, बेडकासारखं उसळलं, पुन्हा टेकलं, आणि डावीकडून आलेल्या वाऱ्याने त्याचा डावा पंख असा वर उचलला, जसा उत्तर येणाऱ्या पोराने वर्गात हात वर करावा. उत्तर काही येत नव्हतं. रेडिओवर आतून अवाक्षर नाही.

आत आमचे मालक होते. एकटे. वय पन्नाशीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या पुढे, आणि आयुष्यातली पहिलीच एकट्याची भरारी. मी बाहेर उभा, हातात वहिनींनी दिलेला डबा. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती आणि मला तेव्हा फक्त एवढंच सुचत होतं, की आता ही खाणार कोण?

वैमानिकांच्या भाषेत 'गो अराउंड' म्हणजे उतरणं बिघडतंय तर उतरू नका. इंजिनाला जोर द्या, परत वर जा, एक चक्कर मारा आणि नव्याने या. जगातल्या प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला हे ठाऊक असतं. आमच्या मालकांनाही होतं. मग झालं ते का झालं, हे कळायला आधी माणूस कळायला हवा. विमानाची काळजी करू नका. ते त्या दिवसापासून जाग्यावरच आहे.

मालकांना सगळं गाव कॅप्टन म्हणायचं. विमानाशी त्याचा संबंध नाही. तरुणपणी ते गावच्या कबड्डी संघाचे कॅप्टन होते. त्यांचा दम इतका मोठा, की समोरचा संघ म्हणे त्यांची चढाई सुरू झाली की मधे चहा पिऊन घ्यायचा. एकदा पडघ्याच्या सामन्यात कॅप्टन दम घेऊन आत शिरले ते सात गडी मारून, मैदानाबाहेर पळालेल्या आठव्याला रस्त्यापलीकडे रसाच्या गुऱ्हाळात जाऊन शिवून, त्याच दमात परत मध्यरेषेवर आले. मी पाहिलेलं नाही. पण ज्यांनी पाहिलेलं नाही असे पुष्कळ लोक मला भेटलेत आणि सगळे हेच सांगतात.

त्या खेळाची एक खोड त्यांच्या अंगात कायमची राहिली. कोणतंही अवघड काम ते एका दमात करायचे, तोंडाने "कबड्डी कबड्डी" पुटपुटत. मोठा ट्रेलर अरुंद फाटकातून मागे घेताना, दाढ काढून घेताना, वहिनींना काही कबूल करायला जाताना. आणि दम चालू असताना ते बोलायचे नाहीत. आभाळ कोसळलं तरी नाही. दम तुटला म्हणजे गडी बाद.

दुसरी गोष्ट म्हणजे कान. देवाने त्यांना अक्कल, उंची, केस हे सगळं बेताचंच दिलं, पण कान देताना हात सैल सोडला होता. खाडीकाठच्या त्यांच्या घराला लागून पॉवरलूमची शेड. रात्रंदिवस खटाखट, खटाखट. पाहुणा आला की तिसऱ्या घटकेला कानांत बोळे घालून पळायचा. कॅप्टन त्या आवाजात बाळासारखे झोपायचे आणि एखादा लूम थांबला की ताडकन उठून बसायचे. खिडकीतून ओरडायचे, "ओ चाचा! तिसरी लाइन, कोनेवाला बंद पड गया!" चाचा म्हणजे शेडमधला म्हातारा कारागीर. तो तिथून ओरडायचा, "सेठ, आप सो जाओ ना! मैं इधर खड़ा हूँ, मुझे पता नहीं चला!"

मी दिघाशीचा. अंबाडी नाक्यावरून रोज येऊन त्यांच्या गोडाऊनवर सुपरवायझरची ड्युटी करायचो. मी अंबाडीहून निघालो की म्हणे माझ्या मोटारसायकलचा आवाज कॅप्टनना खुर्चीत बसून ऐकू यायचा. यात अतिशयोक्ती किती आणि खरं किती ते सोडा. पण मी फाटकात शिरताना माझा चहा भरलेला असायचा आणि कप गरम असायचा. कॅप्टन म्हणायचे, "तुज्या गाडीची चेन सैल झालीय. नाक्यापासून रडतेय बिचारी." चेन खरंच सैल असायची.

आता फाटकाची गोष्ट. कॅप्टनच्या भातशेतीवर गोडाऊनं झाली, तशी आमच्याकडे सगळ्यांच्याच झाली. जिथे लावणी व्हायची तिथे आता अख्ख्या मुंबईचे टीव्ही, चपला आणि बिस्किटं रचून ठेवलेली. माल उतरवायचा चौथरा, त्याला डॉक म्हणतात. डॉक भरलेला असला की येणाऱ्या ट्रकाला थांबू द्यायचं नाही, नाही तर पाठीमागे रस्ता तुंबतो. त्याला गोडाऊनला गोल फेरी घालून परत यायला सांगायचं. भाडेकरू कंपनीने नेमलेला टाय लावलेला गार्ड ते इंग्रजीत सांगायचा: "डॉक फुल! गो अराउंड!" कॅप्टनना हे दोन शब्द इतके आवडले की त्यांनी गार्डाला सावलीत बसवलं आणि स्वतः शिट्टी घेऊन फाटकात उभे राहिले. दिवसभर, "गो अराउंड! ए पंजाब, गो अराउंड! अरे भाई, किधर घुसता है, गो अराउंड!" ड्रायव्हर बिचारा वेग कमी करायचा, स्टिअरिंग डावीकडे तोडायचा आणि गोल फिरून यायचा. कॅप्टन झोपेतही हे बोलायचे म्हणे. वहिनी सांगायच्या, "रातीला बोलले गो अराउंड. मी कूस बदलली."

अशा माणसाला विमान चालवायची बुद्धी का झाली? त्यांनी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. गावाला सांगितलं मानकोली नाक्याचं. एकदा कॅप्टन लग्नाला निघाले ते मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचले तेव्हा त्याच जोडप्याच्या पोराचं बारसं चाललं होतं. आहेर तोच दिला. "रस्त्यानं जान्यात अर्थ न्हाय," म्हणाले, "वरून जाचं." वहिनींना सांगितलं, डॉक्टरने मोकळी हवा घ्यायला सांगितलीय. मला मात्र एकदा गोडाऊनच्या मागच्या बाजूला, जिथे त्यांच्या बापाचं खळं होतं तिथे लघवीला उभे असताना म्हणाले, "मना सांग, खाली आता बगाला काय ऱ्हायलंय? शेत पत्र्याखाली, खाडी गवताखाली, रस्ता ट्रकाखाली. वरून तरी बगू, आपलं कोनतं ते." मग पँट नीट करून लगेच पुढे, "आन् तुज्या त्या टायवाल्या गार्डला सांग, गाडी आली."

त्यांनी क्लबात नाव घातल्याच्या दुसऱ्या दिवशी गावात फ्लेक्स लागला. 'भावी पायलट आमचे कॅप्टन यांना उत्तुंग भरारीच्या हार्दिक शुभेच्छा!' फ्लेक्सवाल्याकडे मागच्या निवडणुकीचा साचा तयार होता. त्याने 'सरपंच' पुसून 'पायलट' केलं, कॅप्टनचे हात जोडलेले ठेवले आणि मागे चारशे माणसं बसतील असं विमान लावलं. खाली एक ओळ होती: 'लायसन मिळताच पहिले विमान गावावरून!' लोक विचारायचे, "कुठल्या वॉर्डातून उभे ऱ्हायलेत?"

वहिनी फ्लेक्सखाली उभ्या राहून म्हणाल्या, "चढाला काय, मांजरपन झाडावर चढतं. उतराला जमतंय का ते बगा."

शिक्षण सुरू झालं तसं गोडाऊनचं विमानतळ झालं. वाऱ्याची दिशा दाखवायला विमानतळावर एक कापडी पिशवी खांबाला लावलेली असते. कॅप्टननी चाचाकडून लूमच्या कोऱ्या कापडाची तसली पिशवी शिवून घेतली. चाचाने मापं पाहून विचारलं, "सेठ, ये पजामा किसके वास्ते? एक ही टाँग है बेचारे की?" ती पिशवी गोडाऊनच्या पत्र्यावर फडफडू लागली. हायवेवरून वळणारे ड्रायव्हर ते कुठलंतरी जागृत ठिकाण समजून हात जोडून हॉर्न मारू लागले. एकाने नारळ फोडला. मग दुसऱ्याने फोडला. कॅप्टननी हरकत घेतली नाही. प्रसाद म्हणून अर्धी वाटी ते खिशात टाकायचे आणि दोन्ही हात पंखासारखे पसरून गोडाऊनभोवती फेऱ्या मारायचे. हमाल डोक्यावरची खोकी सावरून बाजूला व्हायचे. विमानाला वाट द्यायला हवी.

वैद्यकीय तपासणीला मी बरोबर होतो. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं उभं केलं आणि खोलीच्या टोकाला जाऊन पुटपुटत आकडे म्हटले. कॅप्टननी सगळे बरोबर सांगितले. डॉक्टर अजून हळू बोलले. कॅप्टननी तेही सांगितले आणि वर म्हणाले, "डाक्टर, तुमच्या कंपाउंडरला आज लवकर सोडा. बायको म्हायेरी चाललीय त्याची, बाहेर फोनवर रडतंय." डॉक्टरांनी दार उघडून पाहिलं. कंपाउंडर जिन्याखाली होता, खालच्या मजल्यावर. डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, "असे कान मी जन्मात पाहिले नाहीत. जपा. कानांनी दगा दिला तर बाकी कितीही धडधाकट असा, विमानात कुणी बसू देणार नाही." कॅप्टननी त्या दिवसापासून कानटोपी घेतली. भर मे महिन्यात.

क्लब दोन घाट ओलांडून पलीकडे. पहाटे निघायचो, पडघ्याला वडापाव खायचो, आणि ऊन चढायच्या आत तिथे. शिकवायला मॅडम होत्या. वय कॅप्टनच्या मुलीएवढं, बोलणं साताऱ्याकडचं, अंगापिंडाने काडी, आवाज मात्र ऊसतोडीच्या मुकादमाचा. वडील एस.टी.त कंडक्टर. त्यांच्या घराण्यात याआधी सगळ्यात उंच गेलेला माणूस म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला चुलता, आणि तोही भांडून. मॅडमना एका मोठ्या विमान कंपनीत जायचं होतं. बोलावणंही आलं होतं. तेवढं कागदावर कुठे काळा डाग नको, एवढीच काळजी.

त्यांनी कॅप्टनना आडवा वारा समजावला, तो दिवस मला आठवतो.

"काका, वारा समोरून आला तर चांगला. पण बाजूने आला तर तो तुम्हाला ढकलतो. कळलं?"

"कळलं. आडवा वारा म्हंजे भाऊबंद," कॅप्टन म्हणाले. "समोर येऊन बोलनार न्हाय. बाजूनं येनार, आन् हलूच दंड धरून उचलनार."

मॅडम हसून बेजार. "मग भाऊबंदांचं काय करायचं?"

"त्याच्याकडं तोंड ठेवाचं. पाठ दिली का मेलो."

"अगदी बरोबर. नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकं तिरकं यायचं, खेकड्यासारखं. आणि चाक टेकायच्या आधी सरळ व्हायचं."

"चिंबोरी!" कॅप्टन ओरडले. खाडीकाठच्या माणसाला याहून सोपं काय सांगणार? लहानपणापासून चिंबोऱ्या पकडलेल्या. त्यानंतर ते आकाशातून असे तिरके यायचे, की पाहणाऱ्याला वाटावं विमान दुसरीकडेच कुठेतरी निघालंय आणि इथे फक्त ओळखीपुरतं डोकावतंय. शेवटच्या वळणानंतर दम घ्यायचे, "कबड्डी कबड्डी कबड्डी", आणि चाक धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेला लागलं की सोडायचे. त्यांच्या लेखी ती मध्यरेषा होती. मॅडमनी आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाल्या, "चालू दे. निदान झोप तरी लागत नाही त्यांना."

आणि इथेच ती मेख आहे. पहिल्या पहिल्या दिवसांत विमान एकदा असंच वेडंवाकडं खाली यायला लागलं. मॅडमच्या तोंडून नियमातलं इंग्रजी निघायच्या आधी साताऱ्याचं मराठी निघालं: "उचला, काका! उचला!" आता गोडाऊनवाल्या माणसाला 'उचला' म्हटल्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे दिवसातून हजार वेळा हा शब्द हमालांना ऐकवला जातो. कॅप्टननी दांडी पुढे ढकलून इंजिनाला असा जोर दिला, की विमान सरळ ढगात. मॅडम खूश. तेव्हापासून दोघांत तोच शब्द. 'गो अराउंड' पुस्तकात राहिलं. ते मी त्यांना मराठीत समजावलं होतं, परीक्षेत त्यांनी बरोबर सांगितलंही होतं. पण पुस्तकातला अर्थ डोक्यात असतो आणि फाटकातला हाडात.

क्लबचे मोठे साहेब मिशीवाले, निवृत्त, आणि नियमांचे दर्दी. एकदा त्यांनी मॅडमचं 'उचला' रेडिओवर ओझरतं ऐकलं तेव्हा भडकले होते. "ये रेडिओ है या सब्जी मंडी? जो शब्द लिखा है वही बोलो. दुबारा सुना तो विमान के पास दिखना नहीं." मॅडम "यस सर" म्हणाल्या. साहेब गेले. त्या पुन्हा "उचला" म्हणू लागल्या.

एकट्याच्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी वारा नव्हता. कॅप्टननी विमानाच्या पुढे नारळ फोडला, पाणी पंख्यावर शिंपडलं आणि आत बसले. वर गेले, सुरेख वळले. आम्ही खाली टाळ्या वाजवतोय तोवर धावपट्टीच्या बाजूची पिशवी हलली. मग ताठ झाली. मग आडवी. वारा असा उठला जणू इतका वेळ झाडामागे दबा धरून बसला होता. आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब येऊन मॅडमच्या शेजारी उभे राहिले.

कॅप्टन चिंबोरीसारखे आले. इतकं देखणं तिरकं मी कुणालाच येताना पाहिलं नव्हतं. पण सरळ व्हायची घाई झाली. वाऱ्याने दंड धरला. आपटलं, उसळलं. मॅडमचा ओठ 'उ'साठी उघडलेला मी या डोळ्यांनी पाहिला. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मिशी पाहिली. आणि मग ते नियमातलं: "गो अराउंड! काका, गो अराउंड!"

आत कॅप्टन दमात होते. विचारावं तर दम तुटतो. त्यामुळे त्यांनी विचारलं नाही. जो शब्द त्यांनी स्वतः फाटकात उभं राहून हजारो ट्रकांना ओरडून सांगितला होता, तो आज कुणीतरी त्यांना सांगत होतं. त्यांनी ताबडतोब पाळला. वेग कमी केला आणि डावीकडे वळले.

धावपट्टी सोडून विमान गवतात उतरलं आणि गोल फेरी घालायला निघालं. वळताना उजवा पंख कलला, जमिनीला घासला, त्याने मातीचा फवारा उडवला, दोन टिटव्यांना घर सोडायला लावलं, क्लबच्या माळ्याने नुकतेच लावलेले झेंडू उपटले. तरी फेरी चालूच. मिशीवाले साहेब, जे युद्धातही म्हणे पळाले नव्हते, ते पाण्याच्या टाकीमागे गेले. फेरी पुरी व्हायला थोडीच जागा उरली असताना विमान नाकावर झालं, पंखा मातीत रुतला, आणि शेपूट वर करून ते थेट वाऱ्याच्या पिशवीच्या खांबाला टेकलं. खांब वाकला. पिशवी सुटून कॅप्टनच्या काचेवर अलगद बसली. टोपीसारखी.

आम्ही धावलो. मॅडम सगळ्यांच्या पुढे, चपला मागेच. दार उघडलं. आत कॅप्टन पट्ट्यात लटकलेले, कपाळावरून रक्त. त्यांनी मोठा श्वास सोडला, दम संपवला, आणि आमच्याकडे पाहून विचारलं, "डॉक खाली झाला?"

मॅडम खाली गवतात बसल्या आणि रडायला लागल्या. नंतर मधेच हसल्या. मग परत रडायला लागल्या.

कपाळावर टाके पडले. बाकी हाडन् हाड शाबूत. वहिनींनी घरी टाके पाहिले, बोंबलाचा न उघडलेला डबा पाहिला, आणि म्हणाल्या, "मांजर उतरलं म्हनाचं." मग आत जाऊन कितीतरी वेळ भांडी घासत बसल्या. घासलेलीच.

चौकशीला वरच्या कार्यालयातून एक साहेब येणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी मी कॅप्टनना नीट समजावलं. "दादा, सरळ खरं सांगा. शिकवताना मॅडम 'उचला' म्हणायच्या, त्या दिवशी अचानक दुसरं म्हणाल्या. चूक तुमची नाही. तुम्हाला परत उडू देतील."

"आन् तिचं काय?"

"त्यांचं... त्यांना साहेबांनी आधी बजावलं होतं. त्यांची ती कंपनी वगैरे मग राहील. पण दादा, तुमचा फ्लेक्स अजून लागलेला आहे. गाव रोज विचारतंय, पहिलं विमान कधी?"

कॅप्टन काही बोलले नाहीत. हे मी प्रथमच पाहत होतो. दम नसताना गप्प.

क्लबच्या ऑफिसात आम्ही बसलो. टेबलापलीकडे चौकशीचे साहेब, चष्मा नाकाच्या टोकावर, माणूस सभ्य. शेजारी मिशी. मॅडम भिंतीला टेकून उभ्या; बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. बाहेर एक दुसरं विमान सुरू होत होतं. कॅप्टन खिडकीकडे न पाहता दारात उभ्या असलेल्या क्लबच्या मेकॅनिकला म्हणाले, "त्याचा एक प्लग मिस मारतोय. वर न्हेऊ नका." मेकॅनिक बाहेर पळाला. इंजिन बंद झालं. मग ऑफिसात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, निदान कॅप्टनना.

"काका," चौकशीचे साहेब म्हणाले, "मॅडमनी तुम्हाला गो अराउंड सांगितलं. रेकॉर्डिंग आहे. तुम्ही वर गेला नाहीत, गोल फिरलात. मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्यात. इथे कुणीतरी म्हणतंय की शिकवताना या बाई भलतेच शब्द वापरायच्या. खरं आहे का?"

मॅडमनी जमिनीकडे पाहिलं. मिशी मॅडमकडे पाहू लागली. मी कॅप्टनकडे.

"न्हाय," कॅप्टन म्हणाले. "गो अराउंडच बोलाच्या. रोज. मना तोंडपाठ हाय."

"मग त्या दिवशी काय झालं?"

कॅप्टननी कपाळावरच्या टाक्यांना बोट लावलं. खिडकीबाहेर वाकलेल्या खांबावर कुणीतरी नवी पिशवी बांधली होती, ती वाऱ्यात भरून उभी होती.

"ऐकूच न्हाय आलं," ते म्हणाले. "मना कमी ऐकाला येतं, साहेब. बरीच वर्सं झाली. लपवून ठेवलं मी."

मी तोंड उघडलं. कॅप्टननी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. वजनदार माणूस, मी तोंड मिटलं. मॅडमनी मान वर केली, त्यांचा ओठ पुन्हा 'उ'साठी उघडावा तसा उघडला आणि त्यातून काही बाहेर आलं नाही.

चौकशीच्या साहेबांनी चष्मा काढला. हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज अगदी हळू केला, जसा त्या डॉक्टरांनी केला होता, जवळजवळ पुटपुटल्यासारखा.

"काका, मी हे असं लिहिलं तर तुम्हाला जन्मात पुन्हा विमानाला हात लावता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

कॅप्टननी कानामागे तळहात धरला.

"काय म्हनालात?"